टीबी निगेटिव्ह, तरी एकेटी चालू: नर्सरीवाल्या आण्णांच्या बेडक्याची केस

तर केस अशी आहे. पेशंट पुरुष, वय ५६, पुण्यात सोलापूर रोडला मांजरी गावाच्या पुढे स्वतःची नर्सरी, म्हणजे दिवसभर कुंड्या, माती, शेणखत, कोकोपीट यातच हात. घरचे सगळे त्यांना आण्णा म्हणतात तर मीही इथं आण्णाच म्हणते. ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात, लॅबमधलं मात्र सगळं जसंच्या तसं. तक्रार काय तर खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं, बेडक्यात मधूनच रक्ताची रेघ. हे वाचून तुमच्या डोक्यात जो आजार आला तोच सगळ्यांच्या डोक्यात आला होता आणि केसची सगळी गंमत तिथंच आहे.

आमच्या लॅबपर्यंत सँपल यायच्या आधी बरंच काही होऊन गेलेलं. सुरुवात पावसाळ्यात झाली. फॅमिली डॉक्टरांनी आधी अमॉक्सिक्लॅव दिलं, मग अझिथ्रो, मग ताप हटेना म्हणून फ्लूचा स्वॅब. पुण्यात हे ठरलेलंच आहे, पावसाळ्यात ताप-खोकला म्हटलं की स्वॅब. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू इथं झाला, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीला लागलेल्या रांगा अजून लोकांना आठवतात, आणि मग ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविडचे पेशंटही पुण्यातच निघाले, त्यामुळे नाकात काडी घालणं हा प्रकार इथल्या रिक्षावाल्यालासुद्धा माहितीये. स्वॅब निगेटिव्ह आला. आता तो निगेटिव्ह म्हणजे काय, तर नाकाच्या मागच्या भागातून जे सेल्स निघाले त्यात फ्लूच्या व्हायरसचा आरएनए सापडला नाही. बस एवढंच. फुप्फुसात खाली काय चाललंय याबद्दल तो स्वॅब अवाक्षर बोलत नाही, कारण तो तिथं गेलेलाच नसतो. पण घरी काय निरोप पोचला, तर "इन्फेक्शन नाहीये". तीन आठवडे असेच गेले.

मग एक्सरे झाला. उजव्या बाजूला वरच्या भागात डाग, त्यात पोकळीसारखं काहीतरी. आपल्या देशात वरच्या लोबमध्ये कॅव्हिटी दिसली की टीबी आधी, बाकी सगळं नंतर, आणि ते बरोबरच आहे. बेडका एका लॅबला गेला, तिथून तीन रिपोर्ट आले. एएफबी स्मिअर, म्हणजे टीबीच्या जंतूसाठी रंगवलेली स्लाइड, निगेटिव्ह; सीबीनॅट, म्हणजे टीबीचा डीएनए शोधणारं मशीन, त्यात एमटीबी (टीबीचा जंतू) नॉट डिटेक्टेड; कल्चरमध्ये, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघतात त्यात, नॉर्मल फ्लोरा. डॉक्टरांनी विचार केला की स्मिअर तसाही कमी पकडतो, मिलीलीटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू असतील तेव्हा कुठं स्लाइडवर दिसणार, सीबीनॅट त्याच्यापेक्षा खूपच सेन्सिटिव्ह पण शंभर टक्के नाही, एक्सरे तर बोलतोय, मग एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करूया. क्लिनिकली डायग्नोज्ड टीबी हा प्रकार सरकारी प्रोग्रॅममध्ये मान्य आहे, निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, गोळ्या सुरू. यात मला डॉक्टरांची चूक वाटत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना तुम्ही त्यांच्यावर घसरणार. त्यांच्यासमोर जेवढी माहिती होती तेवढ्यात मीही तेच केलं असतं बहुतेक.

पहिले पंधरा दिवस आण्णांना बरं वाटलं. नंतर ताप परत, खोकला वाढला आणि सांधे इतके दुखायला लागले की सकाळी नळ पिळता येईना. दीड महिन्यानं सीटी केला तर डाग वाढलेला, डाव्या बाजूलाही दोन-तीन गाठी. आता सगळ्यांच्या तोंडी एकच, एमडीआर. म्हणजे टीबीच आहे पण औषधांना दाद न देणारा.

या टप्प्यावर सँपल आमच्याकडं आलं. फॉर्मवर लिहिलेलं होतं: स्पुटम, एएफबी, कल्चर, एमडीआर आणि पुढं प्रश्नचिन्ह. क्लिनिकल हिस्टरीच्या रकान्यात एकच शब्द, "फीवर". वय होतं, मोबाइल नंबर होता, चालू औषधांचा रकाना कोरा.

आणि सँपल काय होतं? पाणी. कंटेनरमध्ये तीन-चार मिली पातळ, फेसाळ, पारदर्शक थुंकी, तीही कलेक्शन सेंटरवरून हडपसरच्या ट्रॅफिकमधून फिरत फिरत चार तासांनी पोचलेली. बेडका दोन तासांत बेंचवर यावा असं म्हणतात, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा, कारण बाहेर उकाड्यात तोंडातले जंतू भराभर वाढतात आणि ज्याला शोधायचंय तो त्या गर्दीत दबून जातो. तरी स्लाइड केली, लो पॉवरखाली बघितलं. एका फील्डमध्ये पंचवीसच्या वर एपिथेलियल सेल्स, पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पेशी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नियम साधा आहे: दहापेक्षा कमी एपिथेलियल आणि पंचवीसपेक्षा जास्त पस सेल्स असतील तर सँपल खालून, छातीतून आलंय असं समजायचं. एपिथेलियल म्हणजे गालाच्या आतल्या सालपटाचे सेल्स, ते खंडीभर दिसले की समजायचं माणूस थुंकलाय, खोकलेला नाही. कल्चरसाठी सँपल रिजेक्ट केलं. टीबीच्या टेस्टना हा सेल्सचा नियम लावत नाहीत, पण या थुंकीवर सीबीनॅटची कार्ट्रिज वाया घालवण्यापेक्षा सकाळचं नवीन घ्या म्हटलं.

मुलगा फोनवर भडकलाच. "मॅडम, आधीच्या लॅबनं असंच घेतलं होतं, त्यांनी तर काही नाही म्हटलं, तुम्हाला दोनदा पैसे पाहिजेत का?" पैसे दोनदा घेत नाही हे त्याला आधी सांगितलं, मग बाकीचं. खरं तर त्याचं वाक्य माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणानं अडकलं. आधीच्या लॅबनं असंच सँपल घेतलं होतं. म्हणजे मागचे तिन्ही निगेटिव्ह रिपोर्ट, ज्यांच्यावर हे सगळं उभं होतं, ते कदाचित थुंकीचे होते. जुना रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मागवला. त्यात कल्चरचा निकाल होता, ग्रॅम स्टेनचा, म्हणजे सँपल रंगवून थेट मायक्रोस्कोपखाली बघण्याचा, कुठं उल्लेखच नव्हता, सँपल कसं होतं यावर एक ओळ नव्हती. आता मला सांगा, नुसतं "नॉर्मल फ्लोरा" लिहिलेल्या रिपोर्टवरून डॉक्टरनं काय समजायचं? तोंडातले नेहमीचे जंतू तोंडातल्या थुंकीत सापडले, यात नवल काय?

मग आमच्या टेक्निशियनताईंनी फोनवर आण्णांनाच समजावलं. लोकांना हे कोणी धड सांगतच नाही, डबी हातात देतात आणि म्हणतात भरून आणा. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची, टूथपेस्ट किंवा माउथवॉश नको. दोन-तीन मोठे श्वास घ्यायचे, प्रत्येक श्वास थोडा धरायचा, आणि मग पोटातून खोकायचं. घट्ट, पिवळा बेडका हवा, चमचाभर आला तरी पुरे, डबी भरायची गरज नाही. आणि हे मोकळ्या हवेत करायचं, घरातल्या बाथरूममध्ये दार लावून नाही, टीबीचा संशय असेल तर खासकरून. एवढं करून आलाच नाही तर ३ टक्के सलाइनची वाफ देऊन काढता येतो, पण ती वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः बाइकवरून सकाळी साडेआठला डबी घेऊन हजर. हिरवट पिवळा, चिकट, लूपला तार सुटेल असा. बेंचवर सगळे खूश. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल पण चांगला बेडका बघून आनंद होणारी जमात असते आमची.

बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये सँपल उघडलं, त्यातला सगळ्यात पू असलेला भाग निवडून ग्रॅमची स्लाइड केली. लो पॉवरला पस सेल्सचा नुसता सडा, एपिथेलियल एखाददुसरा. ऑइल इमर्शन लावल्यावर नेहमीच्या सवयीनं डोळा गोल कोकाय नाहीतर काडीसारखे बॅसिलाय शोधत होता, ते फार काही नव्हतं. आणि मग पस सेल्सच्या मधून गेलेले बारीक, लांब, जांभळे धागे दिसले. सलग रंगलेले नव्हते, मध्ये मध्ये तुटक, मणी ओवल्यासारखे, आणि मुख्य म्हणजे काटकोनात फाटे फुटलेले. एका फील्डमध्ये दिसले तर म्हणावं कचरा आहे, इथं चौथ्या-पाचव्या फील्डला पुन्हा पुन्हा, काही ठिकाणी गुंताच.

इथं थोडं थांबते, कारण स्लाइडवर असे धागे दिसले की चार-पाच नावं डोक्यात यायला पाहिजेत. फंगस असू शकतो का? नाही, फंगसचा धागा खूप जाड असतो, अॅस्परजिलसचा तीन ते सहा मायक्रॉन, हे तर एक मायक्रॉनच्या आतले. अॅक्टिनोमायसिस असू शकतो, तो अगदी असाच दिसतो, पण तो बहुतेक करून ऑक्सिजन नको असलेला, तोंडात राहणारा प्राणी. स्ट्रेप्टोमायसिस मातीतून आलेला नुसता कंटॅमिनंट असू शकतो. आणि चौथा नोकार्डिया. ग्रॅमवरून यांच्यातला फरक कळत नाही, त्यासाठी अॅसिड लागतं.

झेडएन, म्हणजे टीबीच्या स्मिअरचा नेहमीचा स्टेन, सगळ्यांना माहितीये, कार्बोल फुक्सिननं लाल रंगवायचं, मग २० ते २५ टक्के सल्फ्युरिक अॅसिडनं धुवायचं. टीबीचा जंतू मेणचट भिंतीमुळं रंग सोडत नाही, बाकी बहुतेक सोडतात, मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. नोकार्डियाच्या भिंतीतही मायकोलिक अॅसिड असतं पण आखूड साखळीचं, त्यामुळे तो अर्धवट हट्टी. २५ टक्के अॅसिड ओतलं की रंग सोडून देतो आणि रिपोर्ट जातो "एएफबी निगेटिव्ह". १ टक्का अॅसिडनं धुतलं तर मात्र लाल राहतो. म्हणजे एकाच बेडक्याच्या दोन स्लाइड, फरक फक्त अॅसिडच्या बाटलीचा. आम्ही दोन्ही केल्या. नेहमीच्या झेडएनवर धागे निळेच झाले, एखादा तुकडा कुठंतरी गुलाबी राहिलेला. १ टक्का अॅसिडवाल्या, म्हणजे मॉडिफाइड स्लाइडवर लालभडक फाटे फुटलेले धागे, सोबत लावलेल्या कंट्रोल स्लाइडही बरोबर. अॅक्टिनोमायसिस आणि स्ट्रेप्टोमायसिस इथंच मागे पडले.

तो गुलाबी राहिलेला तुकडा मला जास्त भीतीदायक वाटतो खरं सांगायचं तर. कारण घाईत कोणी अॅसिड कमी वेळ ठेवलं असतं, तर ते तुकडे टीबीच्या काड्या म्हणून वाचले गेले असते, रिपोर्ट एएफबी पॉझिटिव्ह, दीड महिना एकेटी घेऊनही पॉझिटिव्ह, म्हणजे एमडीआरच, आणि आण्णा थेट एमडीआरच्या औषधांच्या रांगेत.

इथून पुढं मायक्रोस्कोप सोडून फोन हातात घेतला. डॉक्टरांना विचारलं, पेशंटला काही इम्युनिटी कमी करणारं औषध चालू आहे का, शुगर आहे का, काम काय करतात. ते म्हणाले शुगर नव्यानंच निघालीये, स्टेरॉइड काही नाही, दुकान आहे बहुतेक. मुलाला फोन केला. दुकान म्हणजे नर्सरी निघाली. औषधं विचारली तर शुगरची, टीबीची, बाकी काही नाही. मग असाच प्रश्न फिरवून विचारला की अंगदुखीला, सांधेदुखीला काही घेतात का, अगदी आयुर्वेदिक म्हणूनही. "हां, ती दुखण्याची गोळी आहे ना, ती तर दोन वर्षं चालूय, मेडिकलवाला देतो." गोळीच्या पाकिटाचा फोटो मागवला. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच. कोणीतरी कधीतरी संधिवातासाठी थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली, चिठ्ठीचं लॅमिनेशन करून ठेवलेलं, दोन वर्षं तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेणं चालू. ज्याला घरात औषध मानतच नाहीत ते औषध फॉर्मवर येणार कसं?

आणि यातला सगळ्यात वाईट भाग पुढं आहे. एकेटीतलं रिफाम्पिसिन लिव्हरची एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे प्रेडनिसोलोन शरीरातून भराभर बाहेर पडतं, असर कमी होतो. पायराझिनामाइडनं युरिक अॅसिड वाढून सांधे दुखतात ते वेगळंच. तर एकेटी सुरू झाल्यावर आण्णांचे सांधे दुखायला लागले म्हणून आण्णांनी काय केलं, तर दुखण्याची गोळी एकाच्या दोन केली. कोणाला न सांगता, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात सांगण्यासारखं होतंच काय. ती शुगरही नव्यानं निघाली होती, त्यातही या गोळीचा हात असणार.

म्हणजे आता चित्र पूर्ण झालं. नोकार्डिया हा मातीतला जंतू, कोरड्या मातीची, खताची धूळ उडाली की श्वासातून आत जातो. धडधाकट माणसाचं शरीर त्याला बहुतेक वेळा निपटून टाकतं. दोन वर्षं स्टेरॉइडवर असलेला, शुगर वाढलेला आणि रोज शेणखत चाळणारा माणूस ही त्याची आवडती जागा.

त्याच बेडक्यावर सीबीनॅट पुन्हा केलं, यावेळी अल्ट्रा कार्ट्रिजवर, दोन तासांच्या आत निकाल, एमटीबी नॉट डिटेक्टेड. हे महत्त्वाचं का, तर ही टेस्ट डीएनए बघते, जंतू मेलेला असला तरी डीएनए काही काळ सापडतो, त्यामुळे दीड महिना औषध घेतलेल्या माणसातही टीबी असता तर बहुतेक सापडला असता. जुन्या कार्ट्रिजला मिलीलीटरमागे साधारण १३० जंतू लागायचे, अल्ट्राला १६ च्या आसपास पुरतात. आणि मशीन नोकार्डिया का दाखवत नाही असं मुलानं विचारलं, प्रश्न बरोबरच आहे. ते टीबीच्या जंतूचे ठरावीक जीन शोधतं, दुसरं काही शोधायला त्याला सांगितलेलंच नसतं. मागच्या वेळीही मशीननं खरंच सांगितलं होतं, टीबी सापडला नाही म्हणून. ते उत्तर कोणाला पटलं नव्हतं इतकंच.

कल्चरची वाट न बघता त्याच संध्याकाळी प्रिलिमिनरी रिपोर्ट दिला: ग्रॅम पॉझिटिव्ह, मणीदार, फाटे फुटलेले फिलामेंट्स, मॉडिफाइड अॅसिड फास्ट पॉझिटिव्ह, नोकार्डियाशी जुळणारं चित्र, कल्चर लांबवलंय. आणि डॉक्टरांना फोनवर एक विनंती केली, ब्रेनचा एमआरआय करा. ते म्हणाले डोकं दुखत नाही, झटका नाही, काहीच नाही. मी म्हटलं तरी करा, हा फुप्फुसातून रक्तात जाऊन मेंदूत बसतो आणि बरेच दिवस गप्प राहतो. एमआरआयमध्ये ८ मिलीमीटरचा एक रिंगसारखा डाग निघाला. एकही लक्षण नसताना. त्या एका डागामुळं औषधांची निवड आणि मुदत दोन्ही बदलली.

इकडं प्लेट्स. ब्लड अगार, चॉकलेट अगार, मॅकॉन्की, आणि बीसीवायई, तिच्यावर नोकार्डिया बरा येतो. शिवाय टीबी आणि नोकार्डिया एकत्र असण्याची शक्यता उरतेच म्हणून एमजीआयटी, म्हणजे टीबीचं कल्चर, वेगळं लावलं, ते ४२ दिवस चालतं. इथंही एक मेख आहे. टीबी कल्चरसाठी बेडका आधी सोडियम हायड्रॉक्साइडनं धुतात, तोंडातले जंतू मरावेत म्हणून, त्यात नोकार्डियाही बराचसा मरू शकतो. म्हणून नुसतं टीबी कल्चर लावून नोकार्डिया मिळेल अशा भरवशावर राहू नये, न धुतलेल्या सँपलच्या प्लेट्स पाहिजेतच.

४८ तासांनी प्लेटवर नॉर्मल फ्लोरा, दुसरं काहीच नाही. रूटीनमध्ये याच क्षणी रिपोर्ट साइन होतो आणि प्लेट ऑटोक्लेव्हला जाते. आधीच्या लॅबमध्ये सँपल चांगलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं, कारण फॉर्मवर "फीवर" लिहिलेल्या पेशंटची प्लेट कोणी आठवडाभर सांभाळत नाही, इनक्युबेटरमध्ये तेवढी जागाच नसते. आम्ही प्लेट्सना टेप लावली, वर मार्करनं "फेकू नये" लिहिलं आणि आत सारल्या. सफाईवाल्या मावशींनाही तोंडी सांगितलं, कारण मार्करपेक्षा ते जास्त चालतं.

चौथ्या दिवशी बीसीवायईवर बारीक पांढरे ठिपके, पाचव्या-सहाव्या दिवशी स्पष्ट कॉलनी. कोरड्या, सुरकुतलेल्या, वर खडूच्या भुकटीसारखा थर, आणि अगारला इतक्या घट्ट चिकटलेल्या की लूपनं ओढल्या तर अख्खी निघते नाहीतर तुटते. पुस्तकात लिहिलेलं असतं की याला ओल्या मातीचा वास येतो. खरंच येतो, पण प्लेट नाकाशी नेऊन बघायची नसते, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी ओरडून सांगावं लागतं. कॅबिनेटमध्ये काम करतानाही हलकासा जाणवतो तेवढा पुरे.

कॅटलेज पॉझिटिव्ह, लायसोझाइमला दाद देत नाही, ४५ डिग्रीला वाढतो. ओळख पक्की करायला आयसोलेट, म्हणजे वेगळा वाढवलेला जंतू, मोठ्या लॅबला मॅल्डी-टॉफसाठी पाठवला, ते मशीन प्रोटीनवरून जंतू ओळखतं. याची भिंत कडक असल्यामुळं साधं डायरेक्ट स्पॉट लावून जमत नाही, आधी भिंत फोडून प्रोटीन काढावं लागतं. नाव आलं नोकार्डिया फार्सिनिका. एडमंड नोकार्ड नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं १८८८ मध्ये ग्वादेलूप बेटावरच्या गुरांच्या फार्सी नावाच्या रोगातून असा जंतू वेगळा केला, जीनस आणि स्पीशीज दोन्हीची नावं तिथून आलीत. पण नाव कळण्याचा खरा उपयोग औषधासाठी झाला. फार्सिनिका हा याच्या भाऊबंदांत जरा दांडगट, थर्ड जनरेशन सेफॅलोस्पोरिन्सना सहसा रेझिस्टंट. डॉक्टरांच्या मनात सेफ्ट्रायअॅक्सोन घालायचं होतं, मेंदूत चांगलं पोचतं म्हणून. स्पीशीज कळल्यावर तो विचार तिथंच सोडला.

सेन्सिटिव्हिटीबद्दल, म्हणजे कुठलं औषध जंतूवर चालतं त्याबद्दल, एक सांगते, याच्यावर नेहमीची डिस्कची चकती लावून झोन मोजून रिपोर्ट देऊ नका. याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे औषधाच्या कमी-जास्त प्रमाणात जंतू वाढतो का ते बघणं, लागतं, वाचायलाही तीन ते पाच दिवस जातात. जिथं सोय नाही तिथं बाहेर पाठवावं, उगाच आकडा देऊ नये. आमचं आलं ते असं: कोट्रायमॉक्साझोल, अमिकॅसिन, लिनेझोलिड सेन्सिटिव्ह, सेफ्ट्रायअॅक्सोन रेझिस्टंट, इमिपेनेम इंटरमीजिएट.

उपचार प्रिलिमिनरी रिपोर्टवरच सुरू झाले होते, सल्फाची अॅलर्जी नाही हे विचारून कोट्रायमॉक्साझोल, सोबत इमिपेनेम आणि अमिकॅसिन. सेन्सिटिव्हिटी आल्यावर इमिपेनेमच्या जागी लिनेझोलिड. स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही, दोन वर्षांत शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं झोपलेलं असतं, म्हणून ऱ्हुमॅटॉलॉजीवाल्यांनी हळूहळू कमी करायचा तक्ता दिला. एकेटी मॅल्डीचं नाव आल्यावर थांबवली, निक्षयवरची नोंद बदलून घेतली, एमजीआयटीही पुढं ४२ दिवस पूर्ण करून निगेटिव्हच आलं. आमच्याकडं मग दुसरीच कामं यायला लागली: कोट्रायमॉक्साझोलमुळं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, लिनेझोलिडमुळं दर आठवड्याला प्लेटलेट्स. मध्ये एकदा पोटॅशियम वर गेलं, डोस थोडा कमी केला, खाली आलं. ताप दुसऱ्या आठवड्यात उतरला. मेंदूत डाग असल्यामुळं औषध कमीत कमी वर्षभर.

एक शंका कोणीही घेईल आणि घ्यायलाच पाहिजे. बेडक्यात नोकार्डिया सापडला म्हणजे आजार नोकार्डियाचाच असं असतं का? नसतं. ज्यांची श्वासनळी जुनाट आजारानं खराब झालीये त्यांच्यात तो नुसता राहूही शकतो, लॅबमध्ये धुळीतूनही येऊ शकतो. आम्ही त्याला खरा मानला तो यासाठी की ग्रॅममध्ये पू आणि धागे एकत्र दिसले, दुसऱ्या दिवशी मागवलेल्या वेगळ्या बेडक्यातही तोच आला, सीटी जुळत होता, स्टेरॉइड होतं. नुसती एक कॉलनी एका प्लेटवर आली असती आणि स्लाइड स्वच्छ असती तर मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं असतं आणि पुन्हा सँपल मागितलं असतं.

घरच्यांचे प्रश्न वेगळे होते. काकूंना एकच काळजी, नातवाला लागेल का, कारण टीबी म्हटल्यावर आण्णांचं ताट-वाटी वेगळं झालं होतं आणि नातू दोन महिने जवळ फिरकला नव्हता. हा माणसाकडून माणसाकडं जात नाही हे सांगितल्यावर फोनवरच रडायला लागल्या. मुलाला नर्सरीची काळजी, कामगारांना होईल का, माती बदलायची का. माती कुठली कुठली बदलणार, सगळ्या मातीत तो आहे. कोरडं खत चाळायच्या आधी पाणी शिंपडायचं, मास्क आणि हातमोजे घालायचे, हाताला जखम असेल तर झाकायची, आणि आण्णांनी स्वतः ते काम सध्या करायचंच नाही, गल्ल्यावर बसायचं. ते काही गल्ल्यावर बसणारे नाहीत असं मुलगा म्हणाला.

सहा महिन्यांचा एमआरआय झाला, डाग निम्म्याहून लहान झालाय, फुप्फुसातली पोकळी भरत आलीये, वजन परत चढलंय. औषध चालू आहे.

लॅबमध्ये या केसनंतर फॉर्म बदलला. श्वसनाच्या सँपलसाठी वेगळा फॉर्म, त्यात पेशंटचं काम काय, आणि "सांधेदुखी, दमा, त्वचा यासाठी कुठलीही गोळी चालू आहे का, मेडिकलमधून स्वतः आणलेलीसुद्धा" असा मराठीत प्रश्न, स्टेरॉइड हा शब्द मुद्दाम टाळून, कारण त्या शब्दाला सगळे नाही म्हणतात. कल्चर रिपोर्टमध्ये ग्रॅमची ओळ नसेल तर सिस्टिम साइनच करू देत नाही. कलेक्शन सेंटरवरची मुलं सुरुवातीला वैतागली, पेशंट थांबत नाहीत म्हणाली. आता निम्मे फॉर्म भरून येतात, उरलेल्या निम्म्यांवर अजूनही "फीवर" एवढंच असतं, मग ताई फोन लावतात.